तळमजल्यावरचं युद्ध

तीर्थरूप दादा,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. कंबर आणि डावा गुडघा सध्या रजेवर असल्यामुळे नमस्कार आठांपैकी सहाच अंगांचा आहे, तो गोड मानून घ्या. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे आणि आमची ही नऊ दिवसांनी माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे, हे दोन्ही मिळून ठीक. तुमचा रक्तदाब, तुमची झोप आणि मुख्य म्हणजे तुमचे डोळे कसे आहेत? डॉक्टर मागच्या खेपेला "आहे तेवढं टिकवू" असं म्हणाल्याचं वहिनींनी कळवलं होतं. हे वाक्य मला मुळीच आवडलं नाही. आमच्या खात्यात दुरुस्तीचं सामान संपलं की आम्हीही ग्राहकाला हेच सांगत असू.

पत्र नेहमीप्रमाणे वहिनीच वाचून दाखवणार, म्हणून आधी एक सूचना. वहिनी, या पत्रात जिथे कंस येईल तिथला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे. तो मनातल्या मनात वाचायचा आणि पुढे जायचं. दादांनी मध्येच का थांबलीस म्हणून विचारलं तर अक्षर लागत नाही म्हणा, माझ्या अक्षराबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून वाईटच आहे. (ही सूचनाच कंसात लिहायला हवी होती, हे आत्ता लक्षात आलं. आता शाईने लिहून झालंय, राहू दे. आणि तुम्ही मागच्या पत्रात बुटांबद्दल जे लिहिलंत, ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.)

तर हकिगत. संशय हे आपल्या घराण्याचं वतन आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. टपाल वेळेवर येतं की नाही हे पाहायला वडिलांनी एकदा स्वतःलाच पत्र टाकलं होतं, आणि ते आल्यावर कुणी फोडून पुन्हा चिकटवलेलं नाही ना म्हणून उन्हात धरून बघितलं होतं. तुम्ही आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलीत, म्हणजे दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीवर संशय घेण्याचा पगार घेतलात. मी चौतीस वर्षं वीजमीटर तपासले. आकडा कुणी टाकलाय आणि मीटरला चुंबक कुणी लावलाय, हे मला घराच्या दारावरूनच कळायचं. या अनुभवाचा मला किती अभिमान होता, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं सिनेमाला गेलो. हिला विनोदी सिनेमा बघायचा होता. त्या इमारतीत पाच पडदे, आणि तिकिटावरचा आकडा दोन की तीन हे चष्मे घरी राहिल्यामुळे दोघांनाही दिसेना. दारावरच्या माणसाला विचारू या, असं हिचं म्हणणं. पण तो माणूस गरजेपेक्षा जास्त हसतोय असं मला वाटलं, म्हणून मी विचारलं नाही आणि आम्ही तीन नंबरात जाऊन बसलो. पहिली वीस मिनिटं कुणीच हसलं नाही. हा तो नव्हे, असं ही दोनदा म्हणाली. मी म्हटलं थांब, आधी वातावरण तयार करतात.

तो निघाला युद्धाचा थरारपट. आणि युद्ध तरी कसलं, दादा, एक माणूस खुर्चीवर बसलेला. गार हवेची बंद खोली, पुढ्यात पडदे, कानांना हेडफोन, बाजूला कॉफी. हजारो मैलांवर याचं बिनमाणसाचं विमान घिरट्या घालतंय आणि हा इथे बसून एका घराकडे बघतोय. अठरा दिवस बघतो. त्या घराच्या गच्चीवर एक म्हातारा रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालतो. तो कधी उठतो, दुपारी कधी आडवा होतो, कुठली कुंडी त्याची लाडकी, हे सगळं या खुर्चीतल्या माणसाला तोंडपाठ. म्हाताऱ्याला याचा पत्ताही नाही. मग वरून हुकूम येतो की हाच तो. हा हळू आवाजात म्हणतो, दिसतोय, एकटा आहे, थांबा, आता. आणि बटण दाबतो. मग गाडी काढून घरी निघतो, वाटेत दूध घेतो, बायको विचारते दिवस कसा गेला, तर म्हणतो बरा गेला. पुढे कळतं की म्हातारा तो नव्हताच. उरलेला सिनेमाभर या माणसाला स्वतःच्या अंगणातल्या झाडांना पाणी घालवत नाही, आणि आपण खुर्चीचे हात धरून बसतो.

घरी येताना ही कोपऱ्यावर थांबली. मग म्हणाली, "एकदा तरी दार वाजवून विचारायला हवं होतं त्याने." मला हसूच आलं. हजारो मैलांवरून दार कसं वाजवणार, हे मी तिला तांत्रिक बाजू समजावून तीन वेळा विचारलं. ती काही बोलली नाही. (बायको काही बोलत नाही तेव्हा आपण जिंकलो असं समजू नये, हे मला अडतीस वर्षांत कुणीही सांगितलं नाही. तुम्ही दादांना सांगितलंयत का?) हिने सिनेमातून हे एवढं घेतलं. मी घेतलं ते वेगळंच, की युद्ध आता कुठल्याही बंद खोलीत चालू असू शकतं. आणि आमच्या तळमजल्यावर एक बंद खोली आहे.

त्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी एक भाडेकरू बाई आली. वय पस्तिशीचं, एकटी. घरमालक परदेशी राहतो, आणि माझा अनुभव लक्षात घेऊन जिन्याखालच्या मीटरच्या कपाटाची किल्ली त्याने माझ्याकडे ठेवली आहे. बाईची खिडकी पडद्याने कायम झाकलेली. आल्या आल्या दोन मोठे पडदे असलेला कॉम्प्युटर खोक्यातून उतरवला. कुणाचं येणं नाही, जाणं नाही. दूध आणायला बाहेर पडली तर मान खाली घालून जाणार. तिचा चेहरा मी धड पाहिलाही नव्हता, वरून जिन्यातून दिसायच्या त्या फक्त तिच्या निळ्या चपला. आमच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून तिचा आवाज मात्र स्पष्ट वर येतो. आधी मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. सिनेमा पाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दाढी करताना कानावर आलं, "दिसतंय मला. समोर दोघं आहेत. एक बाई आणि लहान मूल. थांबा, त्यांना जाऊ द्या. आता."

दादा, माझा वस्तरा गालावरच थांबला. अर्धी दाढी तशीच ठेवून मी बादली पालथी घातली आणि झरोक्याखाली बसलो. त्या दिवसापासून रोज बसलो. खालून कधी यायचं की लाल सदऱ्यातला माणूस निघून गेला, आता मोकळं आहे. कधी यायचं, उद्या पुन्हा याच वेळेला. एकदा तर बाई हसून म्हणाली, आज नेम चुकला हं तुमचा! (ते गृहस्थ कचऱ्याच्या डब्यात सालपट टाकायला बघत होते, हे मला नंतर कळलं.) मी न्हाणीघरात तास तास बसतो म्हटल्यावर हिने माझं पोट बिघडलंय असं ठरवलं आणि रोज पोट साफ व्हायचं औषध सुरू केलं. गुप्त कामगिरी असल्यामुळे मला नाही म्हणता येईना. तिसऱ्या दिवसापासून मला तिथे बसण्याचं खरंच कारण मिळालं.

दुसरी बाजू मीटरची. माणूस खोटं बोलेल, मीटर बोलत नाही. वीज चालू असली की मीटरवर लाल ठिपका लुकलुकतो, आणि त्याच्या वेगावरून आत काय चाललंय हे मी डोळे मिटून सांगू शकतो, म्हणजे डोळे उघडे ठेवून. सकाळी साडेसहाला गिझर, बारा मिनिटं. मग चहाची किटली. नऊ ते दीड कॉम्प्युटर, पंखा एकवर. दीडला वीस मिनिटं सगळं बंद, मग पुन्हा साडेपाचपर्यंत. रविवारी दुपारी नुसता एक दिवा, म्हणजे वाचत पडली असणार. हे सगळं मी एका वहीत लिहीत गेलो आणि बाईचं नाव ठाऊक नसल्यामुळे वहीत तिला 'तळमजला' हे सांकेतिक नाव दिलं. सिनेमातल्या माणसाने अठरा दिवस लावले, मी तीन आठवडे लावले. घाई माझ्या स्वभावात नाही. बागेतल्या बाकावर माझ्याबरोबर एक माजी हवालदार बसतात, त्यांना नाव न सांगता विचारलं. त्यांनी सल्ला दिला की अशा प्रकरणात जवळ जाऊ नये, लांबूनच नजर ठेवावी. माझ्या गुडघ्यालाही हा सल्ला मानवला.

मग तो गुरुवार उजाडला. सकाळचे अकरा. मी बादलीवर. खालून आवाज आला तो रोजच्यापेक्षा हळू आणि ताणलेला. चाळीस पावलं. तीस. घाई नको. डावीकडून एक गाडी येतेय, ती जाऊ द्या. मी सांगेन तेव्हाच. थांबा. थांबा. माझ्या डोळ्यांपुढे गच्चीवरचा तो म्हातारा उभा राहिला, हातात झारी. मनात म्हटलं, तो गेला तो गेला, हा मी जाऊ देणार नाही. गुडघा विसरलो, कंबर विसरलो, बारा पायऱ्या उतरलो, कपाट उघडलं आणि तळमजल्याचा चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला. लाल ठिपका विझला. दादा, खरं सांगतो, त्या क्षणी मला फार उदात्त वाटलं. कुणीतरी, कुठेतरी, माझ्यामुळे वाचलं होतं. आणि पाय आपोआप वर वळले. आमच्या खात्यात पहिल्याच दिवशी थोरल्या साहेबांनी शिकवलं होतं, की बिल थकलेल्या घराचा फ्यूज काढायचा आणि दार उघडायच्या आत जिना गाठायचा. दार उघडलं की बोलणं आलं, रडणं आलं, दिवस वाया गेला. चौतीस वर्षांत मी कुणाच्या दारात थांबलो नाही.

(वहिनी, एकदाच दार लवकर उघडलं होतं. आत एक बाई विजेच्या शिवणयंत्रावर बसली होती, सुई कापडात तशीच रुतलेली. तिने मला फक्त एवढंच विचारलं, की एवढी शिवण पुरी होईपर्यंत थांबता का? मी थांबलो नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दादांना नका वाचून दाखवू.)

वर येऊन मी खुर्चीत बसलो, फ्यूज खिशात. दोन मिनिटांत दार वाजलं. तळमजला. निळ्या चपलांच्या वर असलेला चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ओठ पांढरे पडलेले. खालच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, तुमचा फोन देता का, असं तिने हिला विचारलं, आणि म्हणाली, "माझा माणूस रस्त्याच्या मधोमध उभा आहे हो." मी मनात म्हटलं, साथीदार. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. काका, कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते ना, जरा बघता का? मी अधिकारी आवाजात सांगितलं की वरूनच सप्लाय गेलाय, अर्ध्या तासात येईल. तिने नुसतं वर बघितलं. मग हिनेही वर बघितलं. मग मीही बघितलं. माझ्या डोक्यावर आमचा पंखा पाचवर गरगरत होता.

हिने हात पुढे केला. "द्या."

मी खिशातून फ्यूज काढून दिला. ही अडतीस वर्षांत कधी कपाटाजवळ गेली नव्हती, पण गेली आणि बसवून आली. फ्यूज काढल्याला दहा मिनिटं झाली होती.

आता ऐका ती बाई काय करते. ज्यांना दिसत नाही अशी माणसं आपला फोन छातीशी लावून घराबाहेर पडतात. फोनच्या कॅमेऱ्यातून समोरचं सगळं हिला इथल्या पडद्यावर दिसतं, आणि ही त्यांच्या कानात सांगते, की पायरी आली, खड्डा आहे, डावीकडे घ्या, थांबा, आता. म्हणजे मी तीन आठवडे जे ऐकत होतो ते एखाद्याला रस्ता ओलांडून देणं होतं. त्या गुरुवारी तिच्या कानाशी टेलिफोन खात्यातले एक निवृत्त ऑपरेटर होते. दृष्टी जन्मापासूनच नाही. रोज अकराला ते चौक ओलांडून पलीकडच्या दुकानात चहा प्यायला जातात. "थांबा, थांबा" इतकं त्यांना ऐकू आलं आणि मग काहीच नाही. कान बंद. ते रस्त्याच्या मधल्या वीतभर कठड्यावर उभे, दोन्ही बाजूंनी गाड्या. त्यांचा नंबरही बाईकडे नसतो, सगळे फोन तिच्या ऑफिसमार्फत जोडले जातात. सात-आठ मिनिटं ते थांबले. मग त्यांनी अंदाजाने एक पाऊल टाकलं. एका मोटारसायकलचं हँडल लागलं, पडले, उजवं मनगट मोडलं. बाईला ऑफिसने त्याच संध्याकाळी कामावरून थांबवलं, कारण जोडणी तिच्या बाजूने तुटल्याची नोंद होती आणि माणूस रस्त्यात असताना जोडणी तोडणं हा त्यांच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा तिने मागवून ठेवला होता, तो पुढच्या आठवड्यात यायचा होता.

मी काय केलं विचाराल तर आधी लबाडी केली. माझ्या जुन्या शिक्क्यानिशी एक दाखला लिहिला, की सदर दिवशी परिसरात वीजपुरवठ्यात बिघाड झाला होता. तो हिला दाखवला. हिने तो वाचला, घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवला. बोलणं गुरुवारपासून बंदच होतं. तीन दिवस मी त्या न हलणाऱ्या टेबलावर जेवलो. चौथ्या दिवशी सकाळी खाली उतरलो. बाराच पायऱ्या, दादा, पण प्रत्येकीवर मला काहीतरी काम आठवत होतं. सातव्या पायरीवर तर मी वर जाऊन गॅस बंद आहे का बघून आलो. शेवटी दार वाजवलं. तिने उघडलं तेव्हा आत खोक्यांत सामान भरणं चाललेलं दिसलं. काम नसेल तर ही खोली सोडावी लागणार होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बादली, वही, सिनेमा, सगळं. वाटलं ती ओरडेल, किंवा निदान हसेल तरी. तिने वही मागून घेतली आणि दोन पानं चाळली. गिझर बारा मिनिटं, रविवारी एकच दिवा. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला तो मला बघवेना. कुणी आपल्याकडे असं बघत होतं हे कळल्यावर माणसाला काय होतं, ते सिनेमात दाखवलेलं नव्हतं. मग ती म्हणाली, "काका, खाली येऊन एकदा विचारायचं होतंत."

हेच वाक्य मी सिनेमाहून येताना हसण्यावारी नेलं होतं. मला फार लाज वाटली, दादा.

त्याच दिवशी तिच्या ऑफिसला मी पत्र लिहिलं की फ्यूज मी काढला. आणि इथे आपल्या घराण्याला गुरू भेटला. त्यांचा विश्वासच बसेना! शेजारच्या म्हाताऱ्याला पढवून बाईने हे लिहून घेतलं असणार, असा त्यांना संशय आला. तीन वेळा फोन करून माझी उलटतपासणी केली. कपाट कुठे, फ्यूज कुठल्या रंगाचा, पायऱ्या किती. पुरावा म्हणून फ्यूज हातात धरून फोटो मागितला. मी चोर आहे हे पटवून देण्यासाठी मला आठवडाभर झगडावं लागलं. सोमवारपासून तिला पुन्हा कामावर घेतलंय. खोकी अजून पूर्ण उघडलेली नाहीत, पण दिवा लागतो. (मीटर बघून नाही सांगत. ती सांगते. कपाटाची किल्ली मी तिच्याकडे दिली.)

मधल्या दिवसांत ऑपरेटरसाहेबांकडे गेलो. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने त्यांनी माझा हात चाचपला आणि म्हणाले की आयुष्यभर लोकांना "थांबा, जोडून देतो" म्हणत आलो, त्या दिवशी मला कुणी जोडून देईना. मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं म्हणणार नाही. ते म्हणाले, माफीचं बघू, आधी मला चहाला न्या, त्या बाईखेरीज दुसऱ्या कुणाच्या आवाजावर मी रस्ता ओलांडत नाही. म्हणून बाई कामावर नव्हती तेवढे दिवस रोज अकराला मी त्यांच्या कोपराला धरून चौक ओलांडत होतो. पहिल्या दिवशी म्हटलं, तिथे खड्डा आहे. ते म्हणाले, तिथे म्हणजे कुठे? मी म्हटलं, हा काय. ते म्हणाले, हा म्हणजे कोण? दादा, सत्तरीला आलो तरी मला इकडे आणि तिकडे याखेरीज दिशा सांगता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना अत्यंत व्यवस्थित मार्गदर्शन करून स्वतः खांबावर आपटलो. चहाच्या दुकानात ते बराच वेळ हसले, आणि मी ही गोष्ट घरी सांगितल्यावर ही हसली. नऊ दिवसांतला तिचा तो पहिला आवाज. बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, आणि तुम्ही तब्येतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक (अलीकडे) धाकटा भाऊ

ता. क. १ : दादा, सहज आठवलं म्हणून लिहितो. त्या बाईचा अकराचा तास ऑपरेटरसाहेबांचा. दहाचा तास रिकामा आहे. मी तुमचं नाव तिथे सांगून ठेवलंय. तुम्ही म्हणाल, कोण कुठली बाई, माझ्या फोनमधून माझं घर, माझी गल्ली, माझी जिंदगी बघणार. तुमचा लेक दोनदा असाच कॅमेऱ्याचा फोन घेऊन आला आणि याच कारणासाठी तुम्ही तो दोनदा परत पाठवलात. म्हणून सांगतो. चौतीस वर्षांच्या अनुभवी तपासनिसाने या बाईवर तीन आठवडे बादलीवर बसून पाळत ठेवली आहे. मीटरमध्ये, बोलण्यात, वागण्यात, कुठेही चोरी सापडली नाही. इतकी कसून तपासलेली बाई तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही.

ता. क. २ : (वहिनी, आता बुटांचं. दादा चौदा महिने घराबाहेर पडले नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण रोज सकाळी दहाला ते बूट घालून, नाड्या बांधून, दाराजवळच्या खुर्चीवर बसतात आणि अर्ध्या तासाने कुणाला न सांगता काढून ठेवतात, हे तुम्ही लिहीपर्यंत मला माहीत नव्हतं. मी चार तासांच्या अंतरावर बसून त्यांची तब्येत ठीक आहे असं मानत होतो. हे पत्र खरं तर त्या बुटांसाठी लिहिलंय. त्यांना हे कळू देऊ नका, त्यांना ते खपणार नाही.)

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालण्याआधी हिला वाचायला दिलं. हिने वाचलं आणि विचारलं, बारा पायऱ्या उतरायला चार दिवस लावलेत, आता चार तासांवरून पाकीट टाकून मोकळे होणार का? मी पाकीट बाजूला ठेवलं. म्हणून दादा, हे पत्र टपालात टाकत नाही. पहाटेची बस पकडून घेऊन येतोय, फोनही बरोबर आणतोय. दार मी वाजवीन आणि पत्र मीच वाचून दाखवीन. कंसांचं काय करायचं ते बसमध्ये ठरवू म्हटलं होतं, आणि या शेवटच्या ओळी बसमध्येच लिहितोय: तुमच्यासमोर बसून सगळेच मोठ्याने वाचायचे, म्हणजे इथवर आलो तर तुम्ही ते ऐकलेच. हे वाचून होईपर्यंत दहा वाजून गेले असतील. बूट तुम्ही घातलेलेच आहेत. आज ते काढू नका.